मताच्या बदल्यात मत

३० ऑक्टोबर २००० रोजी कॅलिफोर्नियाच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयातून एक पत्र निघालं. अमेरिकेत हे पद राज्यांतही असतं. परराष्ट्र खात्याशी त्याचा संबंध नाही. बहुतेक राज्यांत निवडणुका पार पाडण्याची जबाबदारी त्याच्याकडे असते. पत्र होतं ‘व्होटस्वॅप२०००’ हे संकेतस्थळ चालवणाऱ्यांच्या नावे. मजकूर कडक होता. तुम्ही मतांची देवाणघेवाण घडवून आणता, राज्याच्या निवडणूक कायद्याखाली हा गुन्हा आहे, ताबडतोब थांबा, नाहीतर खटला भरू. राष्ट्राध्यक्षपदाचं मतदान ७ नोव्हेंबरला, म्हणजे आठ दिवसांवर आलेलं. संकेतस्थळ बंद झालं. ‘व्होटएक्सचेंज२०००’ नावाचं तसंच आणखी एक संकेतस्थळ होतं. त्यांना पत्र गेलंही नव्हतं, पण बातमी कानावर येताच त्यांनीही गाशा गुंडाळला.

पत्र धाडणारे अधिकारी होते बिल जोन्स. त्यांचं म्हणणं कायद्याला धरून होतं की नाही, याचा फैसला व्हायला पुढे जवळपास सात वर्षं लागली. त्या फैसल्यात एक साधा, पण फार जवळचा प्रश्न दडलेला आहे: आपलं मत आपण कुणाला द्यायचं, हे दुसऱ्या मतदाराशी बोलून, त्याच्याकडून काही कबूल करून घेऊन ठरवता येतं का?

लोक नेमकं करत काय होते, ते आधी पाहू. २००० साली लढत होती रिपब्लिकन जॉर्ज बुश आणि डेमोक्रॅट अल गोर यांच्यात. तिसरे होते ग्रीन पार्टीचे राल्फ नेडर. मोटारींच्या सुरक्षिततेसाठी कंपन्यांना धारेवर धरणारे वकील म्हणून १९६५ पासून देशाला माहीत असलेले, ग्राहकांच्या हक्कांसाठी उभं आयुष्य झिजवलेले. नेडर निवडून येणार नाहीत, हे त्यांच्या पाठीराख्यांनाही ठाऊक होतं. त्यांचं लक्ष्य वेगळं होतं. देशभरातल्या मतांपैकी पाच टक्के मतं मिळाली, तर पुढच्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाला केंद्र सरकारकडून प्रचारासाठी निधी मिळणार होता. तिसरा पक्ष उभा करायचा तर तो पैसा म्हणजे पायाभरणी.

अडचण अशी की अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष देशभरच्या मतांच्या बेरजेवर निवडला जात नाही. राज्याराज्याला ठरावीक ‘इलेक्टर’ वाटून दिलेले असतात, एकूण ५३८. मेन आणि नेब्रास्का सोडले तर ज्या राज्यात जो एका मताने का होईना पुढे असेल, त्या राज्याचे सगळे इलेक्टर त्याचे. २७० गाठणारा राष्ट्राध्यक्ष. त्यामुळे बुश यांच्या टेक्सासमध्ये गोर यांना दिलेलं मत निकालाच्या दृष्टीने वाया जाणार, हे आधीच ठरलेलं. उलट फ्लोरिडा, ओरेगन, विस्कॉन्सिन अशा अटीतटीच्या राज्यांत नेडर यांना गेलेलं प्रत्येक मत गोर यांच्या तोंडचा घास काढणार आणि बुश यांचं काम सोपं करणार, अशी धास्ती. नेडर आणि गोर या दोघांमध्ये निवडायचं झालं तर नेडर, पण गोर आणि बुश यांच्यात गोरच, असं वाटणारे लाखो मतदार या कात्रीत सापडले होते.

यावर तोडगा निघाला. समजा, टेक्सासमध्ये एक गोर समर्थक आहे आणि फ्लोरिडात एक नेडर समर्थक. टेक्सासवाला म्हणतो, माझं मत इथे फुकटच जाणार आहे, तर मी ते नेडर यांना देतो. तुमच्या पाच टक्क्यांत एकाची भर पडेल. बदल्यात तुम्ही फ्लोरिडात गोर यांना मत द्या. दोघांच्याही मनातला उमेदवार एक मत गमावत नाही आणि दोघांनाही नको असलेला बुश यांचा विजय थोडा लांब जातो. वॉशिंग्टनच्या अमेरिकन युनिव्हर्सिटीत कायदा शिकवणारे जेमी रॅस्किन यांनी त्या ऑक्टोबरमध्ये ‘स्लेट’ या ऑनलाइन नियतकालिकात ही कल्पना मांडली आणि ती झपाट्याने पसरली. हेच रॅस्किन पुढे मेरीलँडमधून काँग्रेसवर निवडून गेले आणि २०२१ साली डोनाल्ड ट्रम्प यांच्यावरच्या दुसऱ्या महाभियोगात त्यांनी प्रतिनिधिगृहाची बाजू मांडली.

संकेतस्थळांचं काम जोडी लावून देण्याचं. माणूस यायचा, आपण कुठल्या राज्यातले, आपल्याला मुळात कोण हवं आहे, ते सांगायचा आणि आपला ई-मेल पत्ता द्यायचा. यंत्रणा त्याला दुसऱ्या राज्यातला अनुरूप मतदार शोधून द्यायची आणि दोघांना एकमेकांचे पत्ते मिळायचे. पुढचं बोलणं दोघांनी आपापसात करायचं. पैशाचा प्रश्नच नव्हता. संकेतस्थळ कुणाच्या मतपत्रिकेला हात लावत नव्हतं. प्रत्येकाने आपल्याच राज्यात, आपल्याच केंद्रावर, एकच मत द्यायचं, तेही पडद्याआड. समोरच्याने शब्द पाळला की नाही, हे कळायला मार्ग नव्हता, आणि नाही पाळला तर काही करता येणार नव्हतं.

मग गुन्हा कुठे होता? कॅलिफोर्नियाच्या निवडणूक संहितेतली दोन कलमं जोन्स यांनी पुढे केली, १८५२१ आणि १८५२२. मत देण्यासाठी किंवा न देण्यासाठी पैसा, भेटवस्तू, कर्ज, नोकरी, पद ‘किंवा इतर मौल्यवान मोबदला’ घेणं वा देणं त्यांत निषिद्ध आहे. सगळी मदार या शेवटच्या तीन शब्दांवर. दुसऱ्याचं मत हा मौल्यवान मोबदला धरायचा का? जोन्स म्हणत होते, अर्थातच. मताइतकं मौल्यवान काय असतं?

हा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो, आणि त्या वर्षी त्याला पोषक हवाही होती. त्याच निवडणुकीच्या हंगामात न्यूयॉर्क राज्यातल्या एका पदव्युत्तर विद्यार्थ्याने ‘व्होटऑक्शन’ नावाचं संकेतस्थळ काढलं होतं. तिथे मतदाराने आपलं मत लिलावात ठेवायचं आणि बोली लावणाऱ्याने ते पैसे मोजून घ्यायचं, असा सरळ व्यवहार मांडला होता. निवडणुकीतल्या पैशाच्या खेळावर टीका करण्याचा उद्देश होता म्हणे, पण ते पुढे एका ऑस्ट्रियन कलाकाराकडे गेलं, शिकागोच्या निवडणूक मंडळाने न्यायालयात धाव घेतली आणि न्यायाधीशांनी ते बंद करण्याचा आदेश दिला. तो आदेश योग्यच होता. नोटा मोजून मत विकणं आणि राजकीय मतावरून दोघांनी एकमेकांना शब्द देणं, यांतला फरक मात्र कॅलिफोर्नियाच्या पत्रात पुसला गेला.

मतखरेदीची भीती अमेरिकेत पोकळ नव्हती. एकोणिसाव्या शतकात तिथे पक्षच आपापल्या रंगाच्या मतपत्रिका छापून वाटत आणि कोण कुठली पत्रिका पेटीत टाकतो, हे केंद्रावर उभ्या असलेल्या पक्षाच्या माणसाला उघड दिसे. मग पैसे देऊन मत घेणं सोपं. माल मिळाला की नाही, ते डोळ्यांसमोर कळत होतं. सरकारने छापलेली एकच मतपत्रिका आणि ती भरायला आडोसा, ही पद्धत ऑस्ट्रेलियात १८५६ साली व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलिया या वसाहतींनी सुरू केली. ब्रिटनने गुप्त मतदान १८७२ मध्ये स्वीकारलं, आणि १८८८ मध्ये मॅसॅच्युसेट्सने ही पद्धत संपूर्ण राज्यासाठी कायद्यात आणली. गुप्त मतदानाने खरेदीदाराच्या हातातली पावती काढून घेतली. पैसे देऊनही मत मिळालं की नाही, ते कळेना, म्हणून पैसे देण्यात अर्थ उरेना. हीच गुप्तता मतांच्या अदलाबदलीलाही लागू पडते, आणि म्हणूनच तो व्यवहार शेवटी निव्वळ विश्वासावर चालतो.

७ नोव्हेंबरला मतदान झालं आणि पुढचे पाच आठवडे जगाने फ्लोरिडाची मोजणी पाहिली. १२ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने फेरमोजणी थांबवली. बुश फ्लोरिडात ५३७ मतांनी जिंकले, आणि त्या एका राज्यावर राष्ट्राध्यक्षपद. नेडर यांना फ्लोरिडात ९७,४८८ मतं पडली होती. देशभरात गोर यांना बुश यांच्यापेक्षा पाच लाखांहून जास्त मतं मिळाली, तरी ते हरले. नेडर २.७ टक्क्यांवर अडकले, म्हणजे पाच टक्क्यांचं स्वप्नही गेलं. न्यू मेक्सिकोत तर गोर यांचं मताधिक्य होतं अवघं ३६६.

संकेतस्थळं चालू राहिली असती तर इतिहास बदलला असता, असं म्हणण्याचा मोह होतो. तो आवरायला हवा. कुणी कुणाला शब्द दिला आणि कुणी तो पाळला, हे मतपेटीतून कधीच बाहेर येत नाही. पण एक गोष्ट आकड्यांवरून स्पष्ट आहे. ज्या निवडणुकीत निकाल पाचशे सदतीस मतांवर फिरतो, तिथे शेवटच्या आठवड्यात लोकांचं आपसातलं बोलणं एका पत्राने बंद पाडणं ही किरकोळ कारवाई नव्हती.

अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन या नागरी हक्कांसाठी झटणाऱ्या संस्थेच्या वकिलांनी मतदानापूर्वीच लॉस एंजेलिसच्या केंद्रीय न्यायालयात दाद मागितली. तातडीचा दिलासा मिळाला नाही. मतदान होऊन गेलं, सरकार बसलं, आणि खटला मात्र चालू राहिला. खालच्या न्यायालयाने तो आधी बाजूला ठेवला. राज्याच्या कायद्याचा अर्थ राज्याच्या न्यायालयांनी आधी लावावा, असा त्यामागचा विचार होता. नवव्या मंडळाच्या केंद्रीय अपील न्यायालयाने २००३ मध्ये ती भूमिका खोडून काढली. भाषणस्वातंत्र्याचा प्रश्न असताना लोकांना असं ताटकळत ठेवता येणार नाही, असं त्या न्यायालयाचं मत पडलं. प्रकरण पुन्हा खाली गेलं, पुन्हा वर आलं. एव्हाना सेक्रेटरी ऑफ स्टेट बदलून डेब्रा बोवेन आल्या होत्या, म्हणून ६ ऑगस्ट २००७ चा निकाल ‘पोर्टर विरुद्ध बोवेन’ या नावाने ओळखला जातो. तो लिहिला न्यायाधीश रेमंड फिशर यांनी.

न्यायालयाने सुरुवात केली ती या संकेतस्थळांवर घडत काय होतं, तिथून. दोन माणसं एकमेकांना शोधतात, आपल्याला कोण आवडतो ते सांगतात, कोणत्या राज्यात कुणाचं मत जास्त उपयोगी पडेल यावर बोलतात आणि काहीतरी ठरवतात. हे राजकीय बोलणं आहे, आणि अमेरिकन राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीने सर्वांत जास्त जपलेलं बोलणं हेच. शेवटी दोघं एकमेकांना शब्द देतात म्हणून त्या बोलण्याचं संरक्षण संपत नाही, कारण तो शब्दही त्यांच्या राजकीय मताचाच आविष्कार आहे.

पण बोलण्याला संरक्षण आहे म्हणजे सरकारचे हात पूर्ण बांधलेले असतात, असं नाही. १९६८ साली व्हिएतनाम युद्धाच्या काळात लष्करभरतीचं कार्ड जाळणाऱ्या एका तरुणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एक कसोटी घालून दिली होती. कृती आणि अभिव्यक्ती एकत्र मिसळलेल्या असतील तिथे सरकार बंधन घालू शकतं, मात्र त्यामागे सरकारचं महत्त्वाचं हित हवं, ते हित बोलणं दडपण्याचं नको, आणि बंधन गरजेपेक्षा फार मोठं नको. त्या कसोटीवर राज्याची तीन कारणं घासून पाहिली गेली.

पहिलं कारण भ्रष्टाचार रोखण्याचं. मतखरेदी थांबवणं हे राज्याचं खरं आणि मोठं हित आहे, यावर न्यायालयाला शंका नव्हती. पण इथे कुणाच्या खिशात काही पडत नव्हतं. मिळत होती ती फक्त आपल्या मनासारखा निकाल लागण्याची थोडी वाढलेली शक्यता, आणि ती वाढवणं हा तर प्रत्येक प्रचाराचा हेतूच असतो. या विचाराला आधीची परंपरा होती. १९८२ साली केंटकीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असंच ठरवलं होतं. तिथे निवडून आलो तर पगार कमी घेईन, असं एका उमेदवाराने जाहीर केलं, आणि करदात्यांचा पैसा वाचवण्याचं हे आश्वासन म्हणजे मतदारांना दाखवलेलं आमिष ठरवून त्याची निवड रद्द करण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केलं. मत मिळवण्यासाठी दिलेलं प्रत्येक वचन लाच ठरवायचं म्हटलं तर निवडणूकच उरणार नाही.

दुसरं कारण फसवणुकीचं, आणि राज्याची खरी ताकद इथे होती. पाच वेगवेगळे ई-मेल पत्ते काढून एकच माणूस पाच जणांशी ठरवू शकतो. बुश यांचा कार्यकर्ता फ्लोरिडातला नेडर समर्थक असल्याचं सोंग घेऊन टेक्सासमधल्या गोरवाल्यांना भुलवू शकतो. न्यायालयाने ही भीती खरी मानली, पण तिच्यावरचा उपाय अख्खी यंत्रणा बंद करणं हा नाही, असं सांगितलं. फसवणाऱ्याला पकडा, संकेतस्थळाला इशारा लिहायला लावा, ओळख तपासायची सोय करायला सांगा. सगळ्यांचीच तोंडं बंद करण्याआधी हे मार्ग होते.

तिसरं कारण इलेक्टर मंडळाच्या रचनेला बाधा येते, हे. तेही टिकलं नाही. अदलाबदलीनंतरही टेक्सासचं मत टेक्सासमध्येच मोजलं जातं आणि फ्लोरिडाचं फ्लोरिडात. इलेक्टरांची संख्या बदलत नाही, नेमण्याची रीत बदलत नाही. मतदाराने आपलं मत का दिलं, हा प्रश्न रचनेचा नाही.

निकाल संकेतस्थळांच्या बाजूने लागला, पण भरपाई मिळाली नाही. २००० साली हा हक्क इतका स्पष्ट प्रस्थापित नव्हता की अधिकाऱ्याला तो माहीत असायलाच हवा होता, म्हणून जोन्स यांना वैयक्तिक जबाबदारीतून मोकळं केलं गेलं. अमेरिकेतल्या अधिकाऱ्यांना हे कवच बरेचदा मिळतं. कायद्याच्या तर्कात ते बसत असेलही; पण परिणाम असा झाला की बेकायदा ठरलेल्या पत्राने जे साधायचं होतं ते आठ दिवसांत साधलं गेलं आणि त्याची किंमत कुणीच मोजली नाही. या प्रकरणात सर्वांत जास्त खटकावी अशी बाजू हीच आहे. निवडणुकीतला हक्क निवडणुकीच्या तारखेला जिवंत असावा लागतो. तो सात वर्षांनी मान्य झाला, तर ती पुढच्यांची सोय होते; ज्यांचा होता त्यांची वेळ गेलेली असते.

सगळ्या न्यायाधीशांना हा निकाल पटला नव्हता. मोठ्या पीठापुढे फेरसुनावणीची मागणी २००८ मध्ये फेटाळली गेली तेव्हा न्यायाधीश अँड्र्यू क्लाइनफेल्ड यांनी विरोधी मत नोंदवलं. मताची देवाणघेवाण करण्याच्या कराराला भाषणस्वातंत्र्याच्या पंखाखाली घेणं त्यांना मान्य नव्हतं. त्यांच्या आक्षेपात तथ्याचा अंश आहे, आणि तो प्रश्न थोडा ताणून पाहिला की दिसतो. राष्ट्राध्यक्षपदाच्या मताबदल्यात राष्ट्राध्यक्षपदाचं मत, हे समजू शकतं. उद्या कुणी म्हणालं, तुझं राष्ट्राध्यक्षपदाचं मत मला दे, मी तुझ्या भावाला शाळा समितीच्या निवडणुकीत मत देतो, तर? तिथे राजकीय विचार मागे पडतो आणि घरचा फायदा पुढे येतो. निकालाचा आधार ‘खासगी लाभ नाही’ हा असल्यामुळे असा व्यवहार त्याच्या छत्राखाली बसवणं अवघड जाईल, आणि तसंच असावं.

निवडून आलेले लोक मात्र हे उघडपणे करत आले आहेत. संसदेत ‘पेअरिंग’ची जुनी प्रथा आहे: एका बाजूचा सदस्य गैरहजर असेल तर विरुद्ध बाजूचा एक जण मत न देता बसतो. ६ ऑक्टोबर २०१८ रोजी अमेरिकी सेनेटमध्ये न्यायाधीश ब्रेट कॅव्हनॉ यांच्या नेमणुकीवर मतदान झालं, तेव्हा त्यांच्या बाजूचे सेनेटर स्टीव्ह डेन्स मुलीच्या लग्नाला गेले होते. विरोधात असलेल्या सेनेटर लिसा मर्कोव्स्की यांनी विरोधी मत देण्याऐवजी नुसती ‘हजर’ अशी नोंद केली. ५० विरुद्ध ४८ अशी नेमणूक झाली. मर्कोव्स्की यांच्या या कृतीला कुणी गुन्हा म्हटलं नाही, सौजन्य म्हटलं.

ब्रिटनमध्ये हीच कल्पना वेगळ्या रूपात फुलली. तिथे इलेक्टर नाहीत, पण आपल्यासारखीच मतदारसंघाची पद्धत आहे: सर्वांत जास्त मतं त्याचा विजय, बाकी सगळी मतं वाया. २००१ च्या निवडणुकीत डॉर्सेट परगण्यात राहणारे गायक बिली ब्रॅग यांनी शेजारशेजारच्या मतदारसंघांत मतांची अदलाबदल घडवायचं मनावर घेतलं. साउथ डॉर्सेटमध्ये हुजूर पक्षाची जागा १९९७ साली फक्त ७७ मतांनी वाचली होती आणि मजूर पक्ष दुसरा होता. वेस्ट डॉर्सेटमध्ये हुजूर पक्षाचे ऑलिव्हर लेटविन यांना आव्हान होतं लिबरल डेमोक्रॅटांचं. मग साउथमधल्या लिबरल डेमोक्रॅट मतदाराने मजूर पक्षाला मत द्यावं आणि वेस्टमधल्या मजूर समर्थकाने लिबरल डेमोक्रॅटांना, असा हा डाव.

निकाल लागला तेव्हा साउथ डॉर्सेट मजूर पक्षाचे जिम नाइट यांनी १५३ मतांनी जिंकलं होतं. शेजारचं मिड डॉर्सेट लिबरल डेमोक्रॅटांच्या अ‍ॅनेट ब्रूक यांनी ३८४ मतांनी घेतलं. लेटविन वाचले, पण १,४१४ मतांनी. इतक्या बारीक फरकाच्या निकालांत अदलाबदलीचा वाटा नेमका किती, ते मोजता येत नाही. पण प्रयत्नाची जागा अचूक निवडली होती, एवढं खरं. २०१५ पासून ‘स्वॅप माय व्होट’ नावाचं संकेतस्थळ हेच काम देशभरासाठी करत आलं आहे. पैसा किंवा दुसरा लाभ मध्ये नसेल, तर तिथे ही अदलाबदल बेकायदा धरली जात नाही. कॅनडातही २००८ साली फेसबुकवरून असे गट उभे राहिले, तेव्हा तिथल्या निवडणूक यंत्रणेने त्यांना आडकाठी केली नाही; समोरच्याने शब्द पाळल्याची खात्री मिळणार नाही, याची जाणीव तेवढी ठेवायला सांगितली.

तिसऱ्या पक्षाच्या मतांचा हिशेब अमेरिकेत २०१६ साली पुन्हा समोर आला. ट्रम्प मिशिगनमध्ये १०,७०४ मतांनी जिंकले. तिथे ग्रीन पार्टीच्या जिल स्टाइन यांना ५१ हजारांवर मतं होती. विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनियातही स्टाइन यांची मतं ट्रम्प यांच्या आघाडीपेक्षा जास्त भरली. त्या वर्षी जोड्या लावणारी अ‍ॅप आणि संकेतस्थळं निघाली होती आणि २००७ च्या निकालामुळे त्यांच्या चालकांच्या हाती बचावाचा भक्कम आधार होता. या सगळ्या खटाटोपाची गरज मुळात मोजणीच्या पद्धतीतून येते. मतदाराला पसंतीक्रम लिहिता आला तर तो नेडर पहिले, गोर दुसरे असं स्वतःच लिहील, अनोळखी माणसाचा शब्द मागायला जाणार नाही. मेन राज्याने २०२० च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत तशी सोय करून दाखवली.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे सगळं ओळखीचं वाटेल. मतविभागणी हा आपल्याकडच्या प्रत्येक निकालानंतरचा शब्द आहे. २०१९ साली नांदेडमध्ये अशोक चव्हाण ४० हजारांच्या आसपास मतांनी पडले आणि तिथे वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराने दीड लाखाहून जास्त मतं घेतली होती. २०२४ मध्ये मुंबई उत्तर-पश्चिमचा निकाल ४८ मतांवर लागला. आघाड्या आणि युत्या होतात तेव्हा नेते ‘आमची मतं तुम्हाला ट्रान्सफर होतील’ असं व्यासपीठावरून सांगतात. या मतदारसंघात तुमचा उमेदवार, त्या मतदारसंघात आमचा, आणि दोघांच्या मतदारांनी एकमेकांना साथ द्यायची: हे लाखोंच्या पातळीवरचं साटंलोटंच आहे, फक्त ते पक्ष ठरवतात. त्याला कायद्याची कसलीच हरकत नाही.

दोन साध्या मतदारांनी मात्र आपल्याकडे ते करताना जपून राहावं. लोकप्रतिनिधित्व कायद्यातल्या कलम १२३ मध्ये लाचेची व्याख्या करताना ‘परितोषण’ म्हणजे केवळ पैसा नव्हे, असं स्पष्टीकरण दिलेलं आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम १७० मतदाराला लागू होतं आणि तिथेही मताधिकार वापरण्यासाठी परितोषण देणं आणि घेणं, दोन्ही गुन्हे आहेत. शिक्षा एक वर्षापर्यंत. शब्द रुंद आहेत. कॅलिफोर्नियात ‘मौल्यवान मोबदला’ या शब्दांवर जो वाद झाला, तोच इथे ‘परितोषण’ या शब्दावर होऊ शकतो. मताच्या बदल्यात मत हा खासगी लाभ नाही, हा फिशर यांचा तर्क इथेही पटण्यासारखा आहे, पण भारतीय न्यायाधीशाला तो बांधील नाही. आणि पुरावा म्हणून मतदान यंत्राचा फोटो काढून पाठवायचा विचार तर मनातही आणू नये. मोबाइल केंद्रात नेण्यावर बंदी असते आणि मत गुप्त ठेवणं हे मतदाराचं कर्तव्य आहे.

ज्यांच्यासाठी हा प्रश्न पुस्तकी नाही, असे मराठी मतदार अमेरिकेतच आहेत. सॅन फ्रान्सिस्को बे एरिया आणि न्यू जर्सी ही तिथल्या मराठी वस्तीची दोन मोठी ठिकाणं. कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सी ही दोन्ही राज्यं गेल्या अनेक राष्ट्राध्यक्षीय निवडणुकांत डेमोक्रॅटांकडेच गेली आहेत, म्हणजे नागरिकत्व घेतलेल्या तिथल्या मराठी माणसाचं राष्ट्राध्यक्षपदाचं मत टेक्सासमधल्या त्या गोर समर्थकाइतकंच अडकलेलं. अदलाबदलीचा मोह होणारा मतदार नेमका हाच. पण कायदा दोघांना सारखा नाही. नवव्या मंडळाच्या न्यायालयाचा शब्द चालतो तो पश्चिमेकडच्या नऊ राज्यांत: कॅलिफोर्निया, ओरेगन, वॉशिंग्टन, नेवाडा, अ‍ॅरिझोना, आयडाहो, मोंटाना, अलास्का आणि हवाई. बे एरियातल्या सनीवेलमधल्या मराठी मतदाराला २००७ च्या निकालाचं संरक्षण आहे. न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या त्याच्या मावसभावाला तो निकाल फक्त दाखला म्हणून पुढे करता येईल. न्यू जर्सीच्या न्यायाधीशावर तो बंधनकारक नाही. त्याने जोडी जुळवायच्या आधी आपल्या राज्याचा निवडणूक कायदा वाचावा, पैशाचा किंवा भेटीचा विषय कुठेही येऊ देऊ नये, मतपत्रिकेचे फोटो देऊ-घेऊ नयेत, आणि ज्याच्याशी ठरवायचं तो माणूस खरंच त्या राज्यातला मतदार आहे का, हे फोनवर बोलून तरी पाहावं.